बिशपला राजाची शपथ कशाला हवी होती?

प्रश्न : सत्याग्रहाच्या दिवसांत नागपूरच्या बिशपने एका गोऱ्या पाद्र्याला ‘आधी राजाची शपथ घे, मग प्रार्थना चालव’ असे बजावले आणि तो पाद्री शपथ न घेता मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिला, असे आमचे आजोबा सांगत. हे खरे आहे का? बिशप सरकारी अधिकारी होता का? देवाचे काम करणाऱ्याला राजाची शपथ कशाला? आणि भंडाऱ्याच्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात मिशनचा दवाखाना येतो, पाळक येतात, बिशप मात्र येत नाही, ते का?
– एक वाचक, मोहाडी

उत्तर : आजोबांची गोष्ट मुळात खरी आहे. सांगता सांगता क्रम तेवढा उलटा झाला आहे. शपथेचा वाद झाला तेव्हा तो पाद्री मंडला जिल्ह्यात जाऊन राहिलाही होता. त्याचे नाव व्हेरिअर एल्विन, बिशप होते अलेक्झांडर वुड आणि साल 1932. तुम्ही एका दमात चार प्रश्न विचारले आहेत, पण ते एकाच कोशाचे धागे आहेत. तुमच्या तालुक्यातल्या आंधळगावात कोसा विणणारे सांगतील की खरी मेहनत टोक सापडेपर्यंतच असते. आपणही आधी टोक शोधू. ते टोक म्हणजे ‘बिशप’ हा शब्द.

पाळक एका मंडळीचा असतो. आपल्या गावच्या ख्रिस्ती कुटुंबांची उपासना, लग्ने, मयत हे सगळे तो बघतो. अशा अनेक मंडळ्या आणि त्यांचे पाळक ज्याच्या देखरेखीखाली असतात तो बिशप, आणि त्याच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे धर्मप्रांत. अँग्लिकन चर्चने, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या परंपरेने, नागपूरचा धर्मप्रांत 1903 मध्ये स्थापला. पहिले बिशप आयर चॅटर्टन. त्यांच्या हाताखालचा मुलूख केवढा, तर मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारतातली संस्थाने आणि वर राजपुतानाही. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणजे कागदावर मोहाडीही या बिशपच्याच हद्दीत. चॅटर्टन यांना या मुलखाची ओढ लागली होती. गोंड राजांच्या इतिहासावर त्यांनी 1916 मध्ये एक आख्खे पुस्तक लिहिले.

नागपूरच्या सदर भागातले ऑल सेंट्स चर्च 1851 चे. 1903 पासून त्याला कॅथेड्रल म्हणू लागले. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च असा आपल्याकडे समज आहे, पण आकाराशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. जिथे बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आसन असा आहे. आपण ‘गादी’ म्हणतो ना, अमक्या मठाची गादी, तसेच. नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स या नावाचे दुसरेही कॅथेड्रल आहे. ते रोमन कॅथलिक, त्यांचे बिशप वेगळे आणि ते रोमच्या पोपला मानतात. अँग्लिकन बिशपचा पोपशी संबंध नाही. तो संबंध तुटण्यातूनच हे चर्च जन्मले आणि शपथेचे मूळही तिथेच आहे.

1534 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपची सत्ता झुगारून स्वतःला आपल्या देशातल्या चर्चचा प्रमुख ठरवले. तोपर्यंत धर्मगुरूचा एक धनी राजा आणि दुसरा रोमला असे. आता दोन्ही धनी एकाच माणसात आले. त्यामुळे राजाशी निष्ठा ही धर्मनिष्ठेचाच भाग ठरली. जो शपथ घेणार नाही तो मनातून पोपचा, म्हणजे शत्रूचा, असा हिशेब. गादीवरचा राजा बदलला की बिशपांचे नशीब बदले. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर हेन्रीच्या काळात सर्वोच्च पदावर चढला आणि हेन्रीचीच मुलगी मेरी पुन्हा पोपकडे वळल्यावर 1556 मध्ये जिवंत जाळला गेला. पुढे 1559 मध्ये एलिझाबेथ राणीने पुन्हा शपथ मागितली, तेव्हा मेरीच्या काळातल्या बहुतेक सगळ्या बिशपांनी ती नाकारली आणि पदे गमावली. म्हणजे ‘शपथ घे नाहीतर पद सोड’ हे नागपूरच्या बिशपच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हते. त्या चर्चच्या जन्मापासून ते त्याला चिकटलेले होते. इंग्लंडमध्ये धर्मगुरूची दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाला राजनिष्ठेची शपथ घ्यावीच लागे. आजही तिथे ती राजे चार्ल्स यांच्या नावाने घेतली जाते.

आता सरकारी अधिकाऱ्याचा प्रश्न. इथे दोन टोकाचे समज दिसतात. एक म्हणजे सगळे पाद्री इंग्रज सरकारचे पगारी नोकर होते. दुसरा म्हणजे धर्माचा आणि सरकारचा काडीचा संबंध नव्हता. दोन्ही चूक. ईस्ट इंडिया कंपनीला सुरुवातीला मिशनरी नकोच होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही तिची धास्ती. 1813 च्या सनदेने ब्रिटिश संसदेने तिला मिशनऱ्यांना वाट द्यायला लावले, आणि त्याच सनदेने कलकत्त्याला पहिला अँग्लिकन बिशप नेमायचे ठरले. त्याचा पगार वर्षाला 5,000 पौंड, आणि तो जाणार हिंदुस्थानच्या महसुलातून! ज्या शेतकऱ्याने बिशप हा शब्दही ऐकला नव्हता, त्याच्या साऱ्यातून हे पैसे जात. ही गोष्ट मला अन्यायाचीच वाटते. मुंबईला बिशप आला 1837 मध्ये. गोरे अधिकारी आणि सैनिक यांच्यासाठी सरकारी पगारी धर्मगुरू असत, त्यांना चॅप्लिन म्हणत. कामठीच्या छावणीसारख्या ठिकाणी त्यांचीच उपासना चाले.

खेड्यापाड्यांतला मिशनरी मात्र सरकारी पगारावर नसे. त्याचा खर्च इंग्लंड-स्कॉटलंडातल्या भाविकांच्या वर्गणीतून चाले. नागपूरच्या बिशपची अडचण अशी की एका हाताखाली सरकारी चॅप्लिन आणि दुसऱ्या हाताखाली मिशनरी. रविवारी समोरच्या बाकांवर आयुक्त, न्यायाधीश, पलटणीचे अधिकारी. आणि त्याच धर्मप्रांतात दूर कुठे तरी पत्र्याच्या छपराखाली प्रभुभोजन घेणारे गरीब विणकर आणि शेतमजूर. दोघांचाही पिता तोच.

अलेक्झांडर वुड हे असल्या दुहेरी ओझ्याला नवखे नव्हते. बिशप होण्याआधी त्यांनी बरीच वर्षे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मिशनमध्ये काढली होती. गोंड त्यांना अनोळखी नव्हते. 1919 मध्ये ते रांचीला छोटा नागपूरचे बिशप झाले. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले. रांचीत 1845 पासून जर्मन मिशनरी काम करत होते. युद्धात जर्मनी शत्रू ठरल्यावर सरकारने त्यांना अटकेत ठेवले, नंतर मायदेशी धाडले. मागे राहिलेल्या मुंडा-उरांव ख्रिस्ती मंडळ्यांची काळजी काही काळ वुड यांच्या आधीच्या अँग्लिकन बिशपांनी वाहिली. त्या मंडळ्या आता अँग्लिकन होतील असे पुष्कळांना वाटत होते. पण 10 जुलै 1919 रोजी त्या आदिवासी ख्रिस्ती लोकांनी आपले चर्च स्वायत्त असल्याचे जाहीर केले. ते जर्मनांचे राहिले नाही आणि इंग्रजांचेही झाले नाही. वुड यांच्या बिशपपदाची सुरुवातच अशी झाली. 1926 मध्ये ते नागपूरला आले. त्या शहराने तीनच वर्षांपूर्वी झेंडा सत्याग्रह पाहिला होता, आणि थोड्याच वर्षांत मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पेटणार होता.

आता एल्विन. त्यांचे वडीलही बिशप होते, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे. मुलगा सात वर्षांचा असताना ते वारले. ऑक्सफर्डमध्ये शिकून आणि धर्मगुरूची दीक्षा घेऊन एल्विन 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. हा संघ जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये सुरू केला होता. खादी, साधे शाकाहारी जेवण, जमिनीवर बसून उपासना आणि भारतीय-युरोपीय यांनी एकाच घरात बरोबरीने राहायचे, असा तिथला क्रम. 1928 च्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेले, गांधीजींना भेटले आणि मनाने त्यांचेच झाले. सत्याग्रह हा ख्रिस्ताच्या शिकवणुकीला धरून आहे अशी मांडणी करणारे पुस्तक त्यांनी 1930 मध्ये लिहिले. पुस्तकाचा लेखक गोरा आणि तो अँग्लिकन धर्मगुरू, यानेच सरकार बिचकले. गांधींचा माणूस म्हणून हिंदी नेत्याला तुरुंगात टाकता येत होते, पण बिशपच्या मुलाचे काय करायचे?

4 जानेवारी 1932 च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनाच्या गच्चीवर एल्विन झोपले होते. गांधीजीही तिथेच होते. पोलीस अंधारातच आले. सोमवार म्हणजे गांधीजींच्या मौनाचा दिवस. अटकेचा कागद समोर आला तरी त्यांनी तोंड उघडले नाही, सांगायचे ते कागदावर लिहून दिले. सोबतच्यांनी ‘वैष्णव जन’ म्हटले आणि ते गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे हे दोघे अमरकंटकाच्या पायथ्याशी, मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी राहायला गेले. गोंडांत काम करा असे सुचवणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. बहुतेक ठिकाणी एल्विन यांचेच नाव घेतले जाते, पण शामराव नसते तर ते त्या जंगलात महिनाभरही टिकले नसते असे मला वाटते. गोंडी आजाऱ्यांच्या जखमा धुण्यापासून भांडणे मिटवण्यापर्यंत शामरावांचा हात होता.

करंजिया नागपूरच्या धर्मप्रांतात. आणि इथे परवान्याचा मुद्दा आला. धर्मगुरूची दीक्षा एकदा मिळाली की जन्मभराची असते, पण दुसऱ्या बिशपच्या हद्दीत जाऊन उपासना चालवायची, प्रभुभोजनाचा विधी करायचा, तर त्या बिशपची लेखी परवानगी लागते. डॉक्टरची पदवी कुठलीही असो, या राज्यात दवाखाना टाकायचा तर इथल्या कौन्सिलकडे नोंदणी लागते, तसेच हे. एल्विन यांनी वुड यांच्याकडे परवाना मागितला. वुड यांनी अट घातली की राजाशी निष्ठेची शपथ घ्या. एल्विन यांनी नकार दिला. परवाना मिळाला नाही. आजोबांच्या गोष्टीचा गाभा एवढाच.

शपथेचा कागद म्हटले की आपल्याला पानभर मजकूर वाटतो. प्रत्यक्षात तो दोनतीन ओळींचा. मी राजाशी, त्याच्या वारसांशी, कायद्याप्रमाणे खरेपणाने वागेन, देव माझे साहाय्य करो, एवढाच आशय. ऑक्सफर्डच्या तरुणाने दीक्षेच्या दिवशी हीच शपथ घेतली असणार, आणि बाकी शेकडो तरुणांसारखी विचार न करता घेतली असणार. पण चार वर्षे गांधीजींच्या सहवासात काढल्यावर, गुजरातच्या खेड्यांत पोलिसांनी केलेल्या जुलमाची चौकशी करून आल्यावर, त्याच दोन ओळी तोंडातून निघेनात. दुसरे एक कारणही चर्चला टोचत होते. करंजियात कुणाला ख्रिस्ती करायचे नाही असे एल्विन यांनी ठरवले होते. धर्मांतर न करणारा मिशनरी बिशपने कोणत्या खात्यात मांडावा?

या शपथेचा काळ ध्यानात घ्या. भारतातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे करणारा कायदा 1927 मध्ये झाला आणि 1 मार्च 1930 पासून अमलात आला. त्या दिवसापासून ते ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ झाले. आपले नियम आपण करायचे, आपले बिशप आपण निवडायचे. बरोबर अकरा दिवसांनी, 12 मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. म्हणजे वुड यांनी शपथ मागितली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चर्चची राजसत्तेशी असलेली कायद्याची गाठ सुटून जवळपास दोन वर्षे झाली होती. गाठ सुटली तरी दोरीला पीळ राहतो. सरकारी चॅप्लिन होतेच, बाकांवरचे आयुक्त होतेच आणि सरकारची नजरही होती. वुड यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांची कोंडी कळते. परवाना दिला असता तर कायदेभंगाच्या माणसाला बिशपचा आशीर्वाद आहे, असा सरकारने अर्थ काढला असता. तरीही माझ्या मते त्यांनी चुकीची गोष्ट मागितली. ‘राजकारणात पडणार नाही’ असा शब्द मागता आला असता. पुढे सरकारने नेमके तेच केले. एल्विन 1932 मध्येच आजारी पडून इंग्लंडला गेले, तेव्हा परत येण्याची परवानगी आधी नाकारली गेली आणि राजकारणापासून दूर राहण्याचे लेखी वचन दिल्यावर मिळाली. ते वचन त्यांनी दिले. जे सरकारला पुरले ते बिशपला पुरायला हरकत नव्हती.

वुड ज्या चांदा मिशनमधून आले ते इंग्लंडच्या चर्चचे नव्हते, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे होते. आणि या चर्चचा इतिहास काय? 1688-89 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडात राजपालट झाला, जेम्स पळाला आणि विल्यम गादीवर आला. जेम्सला दिलेली शपथ आम्ही मोडणार नाही, नव्या राजाची घेणार नाही, असे म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप सँक्रॉफ्ट यांच्यासह काही बिशप आणि शेकडो धर्मगुरूंनी पदे सोडली. स्कॉटलंडातल्या बिशपांनी तर एकजात नव्या राजाला मानले नाही. परिणाम असा की तिथे बिशप नसलेले प्रेस्बिटेरियन चर्च राजमान्य झाले आणि बिशप मानणारे निर्वासितासारखे झाले. शंभर वर्षे त्यांच्यावर कडक कायदे होते, ते 1792 मध्ये उठले. तोवर त्यांची उपासना घरांच्या माडीवर, दारे लावून चाले. 1784 मध्ये अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. तिथल्या सॅम्युअल सीबरी यांना बिशप व्हायचे होते, पण लंडनमध्ये इंग्लंडच्या राजाची शपथ घेतल्याशिवाय दीक्षा मिळेना, आणि स्वतंत्र देशाचा नागरिक ती घेणार कशी? त्यांना शपथेशिवाय बिशप केले ते ॲबरडीनमधल्या याच स्कॉटिश बिशपांनी. शपथ नाकारून सर्वस्व गमावलेल्या आणि शपथेवाचून बिशप घडवलेल्या या चर्चच्या मिशनमधून आलेल्या माणसाने करंजियाच्या पाद्र्याकडे शपथ मागावी, याचे मला राहून राहून वाईट वाटते. आपल्याच घरातली गोष्ट त्यांना त्या वेळी आठवायला हवी होती.

एल्विन यांना चर्चने हाकलून दिले असाही एक समज आहे. तसे झाले नाही. परवाना नसतानाही ते तीन वर्षे नावाने धर्मगुरूच होते. 1935 मध्ये त्यांनी स्वतः ते पद सोडले. वुड पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, नागपूरच्या बिशपपदावरून उतरले. एल्विन पुढे आदिवासींच्या जीवनाचे मोठे अभ्यासक झाले, 1954 मध्ये भारताचे नागरिक झाले, 1961 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘बिशपने पोलिसांना खबर दिली’ वगैरे तपशील आजोबांच्या गोष्टीत असतील तर ते सोडून द्या.

राहता राहिला भंडाऱ्याचा प्रश्न. भंडाऱ्यात शाळा आणि दवाखाना चालवणारे मिशन स्कॉटलंडचेच, पण प्रेस्बिटेरियन. नागपूरला 1845 मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव हिस्लॉप कॉलेजला आहे, तेही याच परंपरेतले. या परंपरेत बिशप हे पदच नाही. मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहतात. स्कॉटलंडात बिशप हवा की नको यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, लढाया झाल्या. त्यातला एक पक्ष चांद्याला आला, दुसरा नागपूर-भंडाऱ्याला. म्हणून चांद्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांत बिशपच्या भेटीच्या आठवणी निघतात आणि भंडाऱ्यात निघत नाहीत. तुमचे निरीक्षण अचूक आहे.

पण ते 1970 पर्यंतच्या काळाला लागू. नागपूरचे बिशप तोवर जॉन सादिक हे भारतीय होते, 1957 पासून. 29 नोव्हेंबर 1970 रोजी, रविवारी, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरा ज्यात आधीच मिसळली होती ते युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशी सहा चर्चे एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ते झाले नागपुरातच, सदरच्या त्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. नव्या चर्चने बिशप ठेवला आणि मंडळीच्या कारभारातला वडिलांचा आवाजही ठेवला. चांद्याची आणि भंडाऱ्याची, दोन्ही स्कॉटिश परंपरांची माणसे तेव्हापासून एकाच चर्चची झाली, आणि त्यांच्या पाळकाकडे आता कुणी राजाची शपथ मागत नाही.